खिरापत ओळखणारी यंत्रं

वैशाली नगरातल्या त्या गल्लीत बेबीताईच्या उजव्या भुवईला सगळे ओळखून होते. ती शिवी देत नसे, आवाज चढवत नसे. माणूस बोलायला लागला की ती ऐकत राही, आणि ऐकता ऐकता तिची उजवी भुवई हळूच वर जाई आणि तारेवरच्या कावळ्यासारखी तिथंच बसून राही. भाजीवाला ती भुवई पाहून तराजूत एक वांगं आणखी टाकी. तिचा नवरा शालिकराम छत्तीस वर्षं त्या भुवईखाली राहिला होता. भिलाईच्या माणसाला दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर पोलाद कारखान्यातून येऊन बसणाऱ्या काळ्या कणांची सवय होते, तशी त्याला तिची सवय झाली होती. तो झटकायचा आणि घालायचा.

बेबीताई साकोलीकडच्या धानाच्या मुलखातली. तिचा बाप गावच्या हॉलरवर कामाला होता. हॉलर म्हणजे धान भरडायची गिरणी. बापाचं लिहिणं-वाचणं शून्य, पण डोळे मिटून पट्ट्याचा आवाज ऐकला की तो सांगायचा, धान ओलं आहे, चाळणी फाटली आहे, मालक आज तेल घालायला विसरला आहे. लहानगी बेबी पोत्यांवर बसून ऐकायची. कोंडा उन्हात सोन्यासारखा उडायचा आणि तिच्या केसांत बसायचा. नऊ वर्षांची झाली तेव्हा तिलाही पट्ट्याचा आवाज कळायला लागला होता. बाप एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणायचा, "वरून धान टाकलं का खालून तांदूळ पडला पाहिजे. नाही पडला, तर मशीन सोड अन् मालकाचं तोंड पाह्य." ती तेव्हापासून मालकांची तोंडं पाहायला शिकली, आणि तिला त्यात फारसं काही दिसलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती भिलाईला आली. कारखान्याच्या सेक्टरातल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये संध्याकाळी आभाळ तांबडं व्हायचं. आधी तिला वाटलं, कुठं तरी आग लागली. शेजारची सिंधुताई हसून म्हणाली, "मळी ओतून राहिले वो, लोखंडाची." शालिकराम ब्लास्ट फर्नेसवर फिटर होता. भट्टीचं तोंड फोडून वितळलेलं लोखंड बाहेर काढतात, त्याला ते टॅपिंग म्हणत. किती टॅपिंग झाली, रेटेड कॅपॅसिटीच्या किती वर गेलो, इन्सेंटिव्ह किती बसेल, हेच तो आणि त्याचे दोस्त बाजेवर बसून बोलायचे. त्यांचं बोलणं ऐकून बेबीताईला वाटायचं, ही माणसं लोखंड वितळवत नाहीत, कोंबडीसारखी अंडी घालून येतात आणि घरी येऊन कलकलाट करतात.

तिनं नवऱ्याजवळ आयुष्यात एकच गोष्ट मागितली. मुलगी हर्षा झाली त्या वर्षी ती म्हणाली, "मले एक चक्की पाहिजे. मिरची, हळद, मसाला. मी चालवतो." विदर्भातल्या बायका बोलण्याच्या भरात आपल्याला पुरुषासारखं लावून घेतात, तसं.

"रिटायर झालो का लावून देतो न," शालिकराम म्हणाला.

तिनं ते पुन्हा विचारलं नाही. तोच मात्र दर दोन-चार वर्षांनी, पाहुण्यांसमोर, पान खाऊन, "रिटायर झालो का बेबीले चक्की लावून देणार हाये," असं सांगायचा आणि देऊन टाकल्यासारखा खूष व्हायचा.

वैशाली नगरात घर बांधलं तेव्हा पुढची खोली तिनं आपल्या मापानं करून घेतली. रस्त्याकडे शटर. चक्की हलू नये म्हणून सहा इंच जाड फरशी. मिरचीचा खकाणा निघून जावा म्हणून उंचावर झरोका. थ्री-फेजचं कनेक्शन. राजनांदगावच्या एका कारागिराकडे चक्की सांगून ठेवली. तो वर्षाला मोजक्याच चक्क्या बनवायचा, आणि माघ सरता सरता तयार झालेली चक्की कोणी उचलली नाही तर पुढच्या नंबरवाल्याला देऊन टाकायचा. मग पुन्हा वर्षभर थांबा. आणि त्या वस्तीत चक्की होळीच्या आत सुरू व्हायला हवी होती, कारण होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत बायका वर्षाची मिरची कुटून घेतात. ज्या बाईची मिरची पहिल्या वर्षी जिथं गेली, तिथंच ती जन्मभर जाते. बेबीताई हे सगळं जाणून होती. चोवीस वर्षं थांबलेल्या बाईला एका होळीची किंमत कळते.

शालिकराम मे महिन्यात रिटायर झाला. जून संपायच्या आत त्याचा भाचजावई भूपेंद्र दुर्गच्या पद्मनाभपुरातून स्कूटरवर एक खोकं बांधून आला. त्यात बुटांच्या डब्याहून थोडं मोठं, दोन्ही बाजूंना पंखे असलेलं एक यंत्र होतं. चालू केल्यावर ते विहिरीवरच्या पंपासारखं ओरडायला लागलं.

"मामाजी, हे मायनिंग मशीन आहे," भूपेंद्र म्हणाला. "इंटरनेटवर एक नवं डिजिटल कॉइन आलं आहे, छोटं. अब्बी लोकांले मालूम नाही, म्हणून चान्स आहे. प्लग लावा अन् बसा. आपोआप कॉइन निघते."

"बसायचं काम तर ह्यायले नोकरीतही येत होतं," बेबीताई चहा ठेवत म्हणाली. "त्याच्यासाठी मशीन कायले?"

भूपेंद्र हसला. मग त्यानं विचारलं, "मामाजी, थ्री-फेज कुठं आहे?"

शालिकरामनं पुढच्या खोलीकडे पाहिलं. बेबीताईनं त्याला पाहताना पाहिलं.

"दोन-चार महिन्याची गोष्ट हाये वो," तो म्हणाला. "होळीच्या आधी खाली करून देतो. तुई चक्की तशीही फाल्गुनातच लागते न."

तिची भुवई वर गेली आणि पावसाळाभर खाली आली नाही.

खोलीत आधी तीन यंत्रं लागली. शालिकरामनं व्हरांड्यात एक काळा फळा टांगला. रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला अबीर लावून तो मोबाइलवर पाहायचा आणि खडूनं आकडा लिहायचा. यंत्रानं एक ब्लॉक, म्हणजे नाण्यांचा एक हप्ता, जिंकला की त्याला तो एक टॅपिंग म्हणायचा. पहिल्या आठवड्यात फळ्यावर दिवसाला दोनशे चाळीस टॅपिंग लागल्या. गल्लीतले भंडारा-गोंदियाकडचे सगळे रिटायर झालेले कामगार फळा पाहायला येऊ लागले. सिंधुताईचं कुटुंबही क्वार्टर सोडून ह्याच गल्लीत आलं होतं. तिचा नवरा कृष्णराव रोलिंग मिलमधून सुटलेला, गोल पोटाचा, छातीवर पेन लावून फिरणारा. तो फळ्यासमोर हात मागं बांधून उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं चार यंत्रं आणली. त्याच्यामागं आणखी दोघं-तिघं लागले. दर घराच्या व्हरांड्यात फळा लागला. दसऱ्यापर्यंत त्या एका गल्लीत एकोणीस यंत्रं ओरडत होती आणि कोणाच्याही घरातलं बोलणं कोणाला ऐकू जात नव्हतं. बेबीताईच्या मते त्यात कोणाचं काही नुकसान नव्हतं.

ती त्या खोलीत दिवसातून दोनदा जायची. यंत्रांच्या पाठीतून निघणाऱ्या गरम हवेसमोर तिनं खाट टाकली होती आणि खाटेवर लाखोळीच्या डाळीच्या वड्या वाळत घातल्या होत्या. भर पावसाळ्यात वड्या दोन दिवसांत खडखडीत वाळायच्या. ती सिंधुताईला म्हणाली, "एवढ्या लाईटचं एवढंच खरं निघते ह्याच्यातून. बाकी सगळी हवा."

फळ्यावरचे आकडे मात्र विचित्र वागत होते. शालिकरामनं चौथं यंत्र लावलं त्या दिवशी आकडा तीनशे वीसवर उडाला. त्यानं पेढे आणले. दुसऱ्या दिवशी आकडा खाली उतरला. कृष्णरावाची चार लागली तेव्हा आणखी उतरला. शालिकरामनं पाचवं आणलं. पुन्हा एक दिवस उडी, पुन्हा घसरण. सहावं. सातवं. प्रत्येक नवं यंत्र आल्या दिवशी राजासारखं चाले आणि दुसऱ्या दिवशी थकून जाई. शालिकरामला ह्याचं कारण अगदी स्पष्ट दिसत होतं. नव्या अस्तराची भट्टी अशीच जोरात चालते आणि अस्तर झिजलं की मंदावते. त्यानं हे कृष्णरावाला सांगितलं. कृष्णरावानं डोळे मिटून मान हलवली, जणू त्यालाही हे आतून ठाऊकच होतं.

कोजागरी झाली, त्यानंतरच्या रविवारी हर्षा घरी आली. ती सिविक सेंटरमध्ये एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची आणि तिथंच जवळ मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची. बेबीताईनं तिला पुढच्या खोलीतल्या खाटेवर, वड्यांच्या शेजारी बसवलं आणि विचारलं, "हे मशीन बनवते काय, ते सांग मले. तुया बाप सांगते ते नको."

"काहीच नाही बनवत, आई," हर्षा पंख्यांच्या आवाजावर आवाज काढत म्हणाली. "सिर्फ अंदाज लावते. एक नंबर टाकून पाहते, नाही लागला तर दुसरा, तिसरा. एका सेकंदात करोडो."

"अक्कल लागते?"

"बिलकुल नाही. आंधळेपणानं."

"मंग बरोबर घरात आलं," बेबीताई म्हणाली. "पुढं सांग."

हर्षानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एक आडवी रेघ ओढली. "हे बघ. जो नंबर टाकला, त्याचा एक हिशोब निघतो. तो ह्या रेषेच्या खाली पडला पाहिजे. पडला तर ब्लॉक तुझा, नाणी तुझी. आता, हे कॉइन बनवणाऱ्यानं पहिलेच ठरवून ठेवलं आहे की दर दोन मिनिटाला एकच ब्लॉक लागला पाहिजे. ना जादा, ना कम."

"अन् मशिनी वाढल्या तर?"

"तर जल्दी जल्दी लागतात. पण सातशे वीस ब्लॉक झाले, म्हणजे साधारण एक दिवस, की सिस्टिम पलटून पाहते. ठरल्यापेक्षा लवकर झाले? रेषा खाली सरकवते. अंदाज कठीण. उशिरा झाले? रेषा वर. अंदाज सोपा. उसी को डिफिकल्टी बोलते हैं. मशिनी शंभर लावा की हजार, दिवसाला सातशे वीसच."

"कोण पलटून पाहते? मालक कोण हाये?"

"कोणी मालक नाही, आई. नियमच तसा लिहून ठेवला आहे. सगळ्यांच्या मशिनीत तोच नियम."

मालक नाही हे ऐकून बेबीताईला क्षणभर अडल्यासारखं झालं, कारण बापानं मालकाचं तोंड पाहायला सांगितलं होतं. मग तिनं हात लांब करून एक वडी उचलली, दोन बोटांत दाबली, आणि म्हणाली, "हे तर भुलाबाईची खिरापत झाली."

गावी भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत पोरी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत फिरायच्या. गाणी झाली की घरची बाई झाकलेला डबा आणायची. त्यात काय आहे ते ओळखायचं. डबा हलवून दाखव म्हणायचं, ओली की कोरडी विचारायचं, आणि मग तोंडाला येईल ते ओरडत सुटायचं: फुटाणे, मुरमुरे, करंजी, सोजी, खोबरं. लागलं की डबा उघडायचा. बेबीच्या आईच्या घरी खिरापत रोज एकच डबा असायची. पोरी आठ असोत की अठ्ठावीस. आणि आई हुशार होती. खिरापत फार लवकर ओळखली गेली तर मजा जाते, आणि फार वेळ लागला तर पोरी कंटाळून दुसऱ्या घरी जातात. म्हणून आज झटकन ओळखली की उद्या ती असं काही करायची की डोकं फुटावं. आज पोरी हरल्या की उद्या साधे फुटाणे. एका वर्षी खालच्या आळीतल्या सगळ्या पोरी वरच्या आळीत येऊन मिळाल्या. तीस तोंडं एकदम ओरडली तर खिरापत आपलीच, असं त्यांना वाटलं. पहिल्या दिवशी खरंच डबा चुटकीसरशी उघडला. दुसऱ्या दिवशी आईनं डब्यात काय घातलं ते त्या तिसांना दिवेलागणीपर्यंत उलगडलं नाही. आणि उघडला तेव्हा एकेकीच्या हातावर चिमूटभर आलं.

बेबीताईनं हे सांगून संपवलं तेव्हा हर्षा तोंड उघडं ठेवून पाहत होती. "आई," ती म्हणाली, "मी क्लासमध्ये हे असंच सांगणार."

"सांग. अन् आता मले सांग, ह्या नाण्यामागं दुनियेत किती मशिनी लागल्या असतील?"

हर्षानं मोबाइलवर बराच वेळ पाहिलं. मग ती हसायला लागली. "आई, अंदाजे पंचवीस. त्यातल्या एकोणीस ह्या गल्लीत."

दारात शालिकराम उभा होता. हातात खडू होता. त्यानं शेवटचं तेवढं ऐकलं असावं, कारण त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता.

"पंचवीसमधल्या एकोणीस," तो म्हणाला. "भिलाईच नंबर एक."

"हर्षाचे बाबा," बेबीताई म्हणाली, "तुमी एकमेकाची खिरापत खाऊन राहिले. कृष्णराव मशीन लावते तर तुमची कमी होते, तुमी लावता तर त्याची. डबा एकच हाये." आणि तिनं पुन्हा सगळं सांगितलं. हर्षानं रेघ दाखवली.

शालिकरामनं ऐकून घेतलं. "पस्तीस वर्षं भट्टीवर काढले मी," तो म्हणाला. "उत्पादन काय असते ते मले पोरीच्या खेळावरून शिकवून राहिली तू? मशीन जास्त, माल जास्त. दुनियेत कुठंही जा."

"तीन मशिनीत दोनशे चाळीस निघत होते. आता सात हाये. फळ्यावर किती लिहिलं आज?"

शालिकरामनं फळ्याकडे मान वळवली नाही. फळ्यावर दोनशे एक लिहिलं होतं.

"मेंटेनन्स नाही झाला," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्या दिवसानंतर बेबीताईनं नवऱ्याला काही समजावून सांगायचं सोडून दिलं. तिला त्याचा राग आला नव्हता. माणूस चुकतो, ते ठीक. पण चुकताना इतका खूष राहतो, हे तिला सहन होत नव्हतं.

पौष गेला. राजनांदगावच्या कारागिराचा फोन आला, चक्की तयार होत आली, पंधरा-वीस दिवसांत गाडीत घालतो, फरशीवर नटबोल्टची भोकं पाडून ठेवा. बेबीताई पुढच्या खोलीत गेली. जिथं भोकं पाडायची तिथं सात यंत्रं दोन मांडण्यांवर बसून ओरडत होती. ती शालिकरामला म्हणाली, "खोली कधी?"

"आता नाही बोलायचं," तो म्हणाला. "कॅपिटल रिपेअर लागली हाये."

भट्टी पूर्ण बंद करून तिचं अस्तर नव्यानं लावतात, त्याला कॅपिटल रिपेअर म्हणतात. ह्या माणसांनी ठरवलं होतं की एकोणीसच्या एकोणीस यंत्रं पाच दिवस बंद ठेवायची आणि खोलून साफ करायची. कृष्णराव इन्चार्ज झाला. त्यानं कोणत्या घरी कोणत्या दिवशी काम, हे पाठकोऱ्या कागदावर रेघा आखून लिहिलं. दोघांनी जुनी हेल्मेटं शोधून काढून घातली. ब्रश, पातळ तेल, फडकी, हवा मारायचा पंप. पाच दिवस गल्लीत शांतता होती आणि लोकांना आपल्याच घरातल्या भांड्यांचा आवाज नव्यानं ऐकू आला. सिंधुताई म्हणाली, "पाच दिवसात मायं डोकं नाही दुखलं वो, बेबीताई."

चौथ्या दिवशी हेल्मेटवाले बेबीताईच्या शटरपाशी आले. पहिल्या दिवशी यंत्रं बंद झाली तशी बेबीताईनं कुलूप लावलं होतं. किल्ली कमरेला होती.

"वहिनी, सात मशिनी राहिल्या तुमच्या," कृष्णराव म्हणाला.

"आत वड्या हाये. जोडे घालून कोणी नाही जाणार."

"जोडे काढतो न."

"मोजेही हाये तुमचे."

कृष्णरावानं शालिकरामकडे पाहिलं. शालिकराम घाईनं म्हणाला, "माया मी करतो. आतून दरवाजा हाये न." कृष्णराव गेला. आतल्या दारालाही कुलूप होतं. शालिकरामनं दुपारभर स्वयंपाकघरात चकरा मारल्या, दोनदा खोकला, पण किल्ली मागायची हिंमत त्याला झाली नाही. संध्याकाळी त्यानं कृष्णरावाला सांगितलं की सातही झाली, एकदम चकाचक.

सहाव्या दिवशी सकाळी बेबीताईनं कुलूप काढलं आणि नऊला कृष्णरावानं नारळ फोडला. एकोणीस यंत्रं एकदम सुरू झाली. दुपारपर्यंत काय झालं ते गल्लीतल्या माणसांना जन्मभर पुरेल. टॅपिंगवर टॅपिंग लागत होती. दोन मिनिटांनी एक यायची ती अर्ध्या मिनिटाला यायला लागली. माणसं मोबाइल हातात धरून एकमेकांच्या घरी पळत होती. खडू कमी पडला. शालिकरामच्या व्हरांड्यात सगळे जमले. सिंधुताई चहा घेऊन आली.

"पाहिलं, वहिनी?" कृष्णराव म्हणाला. "याले म्हणते मेंटेनन्स. हात लागला पाहिजे जाणकाराचा."

बेबीताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "आमच्याकडच्या सात कशा चालून राहिल्या, कृष्णराव?"

"एक नंबर. सगळ्यासारख्याच."

"त्यायले कोणी हात नाही लावला," ती म्हणाली. "खोली पाच दिवस कुलपात होती. किल्ली हे पाहा."

कृष्णरावानं शालिकरामकडे पाहिलं. शालिकराम बशीतल्या चहाकडे पाहत होता. त्याचे कान तांबडे झाले होते.

बेबीताईच्या मनात सगळं रांगेत उभं होतं. तुम्ही पाच दिवस आला नाहीत, मैदानात सहाच तोंडं उरली, खिरापत ओळखायला उशीर लागायला लागला, म्हणून आईनं डब्यात फुटाणे घातले. आज तुम्ही परत आलात आणि फुटाणे लुटून राहिले. संध्याकाळच्या आत आई डबा बदलेल. तिनं हे सांगायला तोंड उघडलं. तिला, खरं सांगायचं तर, त्या क्षणी नवऱ्याची थोडी दयाही आली होती.

तेवढ्यात शालिकरामनं मान वर केली. त्याचे डोळे चमकत होते.

"मंजे," तो हळूहळू म्हणाला, "हात नाही लावला तरी चालल्या. मंजे मेंटेनन्सचं नाहीच काही. मशिनीले आराम पाहिजे होता."

कृष्णरावानं पेन खिशातून काढलं आणि पुन्हा लावलं. "आराम," तो म्हणाला. "बरोबर हाये. आराम."

"आराम," तिसरा म्हणाला.

बेबीताईनं तोंड मिटलं. दया जशी आली होती तशी गेली. ती आत जाऊन भाताला पाणी ठेवू लागली.

दुपारी तीनच्या सुमाराला रेषा सरकली आणि फळे थंड पडले. दुसऱ्या दिवशी आकडे होते तिथंच आले. सकाळी माणसं पुन्हा शालिकरामच्या व्हरांड्यात बसली, पण कोणी उदास नव्हतं. कृष्णराव पाठकोऱ्या कागदावर त्रैराशिक मांडत होता. पाच दिवसांच्या आरामाला सहा तासांचं जोरदार उत्पादन. तर साठ दिवसांच्या आरामाला किती? बहात्तर तास. तीन अखंड दिवस. त्याचं लाकडासारखं तोंड ह्या उत्तरानं उजळलं. साठ दिवस काहीच न करून तीन दिवस मिळवायचे, ह्यात कोणाला काही खटकलं नाही. उलट सगळ्यांना ते नोकरीतल्यासारखं, ओळखीचं वाटलं.

बेबीताईनं चहा ठेवला आणि साध्या आवाजात विचारलं, "साठ दिवस खोलीत ठेवणार का? धूळ बसन. मिरच्या-मसाल्याचा मोसम येऊन राहिला, खकाणा आत जाईल पंख्यात."

शालिकरामनं विचार केला. "बरोबर हाये," तो म्हणाला. "पोत्यात बांधून पलंगाखाली ठेवू. अंधारात, थंडीत. आराम तर पूर्ण झाला पाहिजे."

"हाव," बेबीताई म्हणाली. "पूर्ण करू द्या."

त्याच दुपारी सात यंत्रं तागाच्या पोत्यांत शिरली. शालिकरामनं प्रत्येक पोतं सुतळीनं बांधलं आणि वर खडूनं तारीख लिहिली. मग त्यानं स्वतः ड्रिल मशीन आणून फरशीला चार भोकं पाडली. फिटर होताच तो, भोकं एका सुतानं इकडची तिकडं झाली नाहीत. हे बेबीताईनं पाहिलं.

चक्की माघाच्या शेवटच्या आठवड्यात आली. पहिल्या दिवशी बेबीताईनं तिला रिकामी फिरवली आणि डोळे मिटून ऐकलं. मग मूठभर कोरड्या मिरच्या टाकल्या. लाल भुकटी खाली पडली. तिनं ती चिमटीत घेऊन नाकाशी नेली, आणि घरातली, गल्लीतली, पलीकडच्या रस्त्यावरचीही माणसं शिंकायला लागली. सिंधुताई दहा किलो मिरची घेऊन पहिली आली. होळीपर्यंत शटरसमोर पिशव्यांची रांग लागायला लागली. पद्मनाभपुरातूनही बायका ऑटोनं येत होत्या.

हर्षा एका रविवारी आली तेव्हा तिनं मोबाइल पाहून आईच्या कानात सांगितलं, "आई, ह्यांनी मशिनी बंद केल्यावर डिफिकल्टी एकदम खाली आली होती. ते पाहून दुसरीकडचे लोक घुसले. परत होती तिथंच आली. साठ दिवसांनी चालू केलं तरी काही नाही भेटणार."

"बाबाले नको सांगू," बेबीताई पिशवीचं तोंड बांधत म्हणाली. "आराम करू दे."

व्हरांड्यातला फळा तसाच होता. धुळवडीनंतर चार दिवसांनी बेबीताईला त्यावर नवा आकडा दिसला. शालिकरामच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: आज मिरची ४१ किलो, हळद ९ किलो. तो खाली स्टुलावर बसून पिशव्यांना चिठ्ठ्या लावत होता. नाक लाल होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"काल अठ्ठावीस होते," तो म्हणाला. "आज गिऱ्हाईक जास्त आलं, तर माल जास्त निघाला. पाहिलं? मी काय म्हणत होतो?"

बेबीताईची भुवई वर गेली. तिनं पुढच्या बाईची पिशवी उचलली, मिरच्या वरच्या तोंडात ओतल्या आणि चक्की सुरू केली, कारण त्या आवाजात कोणाचंच बोलणं ऐकू येत नव्हतं.